कॉलेज बदलताय? आधी अभ्यासक्रमातलं अंतर मोजा

हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याच रोडवरच्या दुसऱ्या कॉलेजात जायला ऑटोने दहा मिनिटं लागतात. माझ्या भाच्याला ते अंतर कापायला अडीच महिने लागले. जुलैत फाईल हातात घेतली. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, तरी पोराला रोल नंबर मिळाला नव्हता. मी नागपुरातच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे बहिणीने पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं, "तू तं कॉलेजातच शिकवते न भाऊ, मंग तुले कसं नाही माहीत?" खरंच माहीत नव्हतं. वर्गात दरवर्षी ट्रान्सफरने आलेले दोन-चार नवे चेहरे दिसायचे, पण ते कुठून काय पार करून आले हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या अडीच महिन्यांत जे कळलं आणि नंतर वर्गातल्या अशा मुलांशी बोलून जे समजलं, ते क्रमाने लिहितो.

बदलायचंच आहे का, हे एकदा नीट बघा

वडिलांची बदली, घरची आजारपणं, फी न झेपणं, कॉलेजातली शाखाच बंद व्हायला लागणं, रॅगिंग ही कारणं खरी आहेत, त्यांवर चर्चा नको. पण माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी "सिव्हिल मिळालं, मला कम्प्युटर पाहिजे होतं" असे असतात. ट्रान्सफरमध्ये कॉलेज आणि शाखा दोन्ही एकदम बदलणं फार अवघड. त्यापेक्षा आहे तिथेच राहून साधारण १८ ते २० जादा क्रेडिट (विषयाच्या अभ्यासभाराचं माप) घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम पदवी मिळते का, हे आधी विचारा. एआयसीटीई या देशपातळीवरच्या तंत्रशिक्षण परिषदेने ही सोय दिलेली आहे, पण बऱ्याच मुलांना ती तिसऱ्या वर्षात कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी वाट म्हणजे प्रवेश रद्द करून पुन्हा सीईटी देणं. एक वर्ष जातं, पण पहिल्या वर्षापासून नवी सुरुवात होते आणि समकक्षतेची, म्हणजे जुने-नवे विषय जुळवायची भानगड उरत नाही. पहिल्या सेमिस्टरलाच चार विषय राहिले असतील तर मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. विषय राहिलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षात घ्यायला कुठलंही कॉलेज सहसा तयार नसतं.

सेमिस्टरच्या मध्ये उडी मारू नका. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे दोन गट असतात. एका गटाला आधी फिजिक्स आणि नंतर केमिस्ट्री, दुसऱ्याला उलटं. एकच सेमिस्टर करून बदललात तर एक विषय दोनदा शिकाल आणि दुसरा कायमचा अंगावर राहील. पहिलं वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जाणं, हाच त्यातल्या त्यात सोपा मुहूर्त.

तुमचं कॉलेज कुठल्या प्रकारचं, जायचंय ते कुठल्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपण कॉलेजं अंतराने आणि नावाने ओळखतो, "खापरीकडलं", "नंदनवनातलं", "काटोल रोडवरचं". फाईल मात्र ती पदवी कोण देतं आणि अभ्यासक्रम कोण ठरवतं यावर चालते.

नागपुरात हे प्रकार एकत्र नांदतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न साधी कॉलेजं, जिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही विद्यापीठाच्या. त्याच विद्यापीठाखालची पण स्वायत्त, म्हणजे ऑटोनॉमस कॉलेजं, उदाहरणार्थ वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण कॉलेज. तिथे पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि पेपर कॉलेजचे. काही कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली. आणि काही आता स्वतःच विद्यापीठ झालीत. १९४२ साली सुरू झालेलं एलआयटी २०२३ पासून विद्यापीठ आहे, रामदेवबाबा २०२४ पासून. व्हीएनआयटी या हिशेबात धरूच नका. ती राष्ट्रीय संस्था आहे, प्रवेश जेईई आणि जोसा या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांमधून होतो, राज्यातल्या कॉलेजातून थेट दुसऱ्या वर्षात तिथे जायची वाट नाही.

आता गंमत बघा. लोणेरे विद्यापीठाचं कार्यक्षेत्र अख्खा महाराष्ट्र आहे. त्यामुळे लोणेरेशी संलग्न असलेल्या दूरच्या जिल्ह्यातल्या कॉलेजातून नागपुरातल्या लोणेरेशीच संलग्न कॉलेजात येणारा मुलगा विद्यापीठ बदलतच नाही. त्याचे विषय बहुतेक जुळतात. उलट नागपुरातल्या नागपुरात लोणेरेच्या कॉलेजातून नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजात जाणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र काढावं लागतं, समकक्षता तपासून घ्यावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांनी हेही लक्षात घ्यावं की २०११ पासून तिकडे गोंडवाना विद्यापीठ आहे. "आमचं कॉलेज नागपूर विद्यापीठाचंच" असं सांगणारे पालक अजून भेटतात, ते त्यांच्या काळातलं सांगत असतात.

सगळ्यात फसवा प्रकार साध्या कॉलेजातून स्वायत्त कॉलेजात जाण्याचा. विद्यापीठ एकच, म्हणून सगळ्यांना वाटतं काही लागणार नाही. स्थलांतर प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण अभ्यासक्रम पूर्ण वेगळा असू शकतो. माझ्या भाच्याचं नेमकं हेच होतं.

जागा आहे का, हे फोनवर नाही, लेखी

बदली मंजूर जागांत रिकामी जागा असेल तरच होते. पहिल्या वर्षातून कोणी गळालं, कोणी नापास झालं, की दुसऱ्या वर्षात जागा सुटतात. त्यावर डिप्लोमावाल्यांचाही हक्क असतो. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून होतात, त्यामुळे कॉलेजला नेमका आकडा उशिरा कळतो. म्हणून जूनमध्ये फोन केला की "आहे न, या तुम्ही" असं उत्तर येतं आणि ऑगस्टमध्ये "भरली". उन्हाळी परीक्षेचा निकाल लागताच अर्ज देऊन पोच घ्या. एकाच कॉलेजावर विसंबू नका, तीन ठिकाणी अर्ज द्या.

त्या वर्षीच्या बदल्यांची मुदत आणि अटी सांगणारं परिपत्रक डोळ्यांखालून घाला. तंत्रशिक्षण सहसंचालकांचं नागपूर विभागीय कार्यालय सदरमध्ये शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात आहे. एकदा स्वतः जाऊन विचारून या, अर्धा दिवस जाईल पण पुढचे दहा हेलपाटे वाचतील.

मधले लोक भेटतील. "सीट काढून देतो, एवढे द्या." ठरलेल्या फीवर वरकड पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्याने बंदी आहे, आणि रिकामी जागा नसेल तर कोणाच्याही ओळखीने ती तयार होत नाही. पैसे मात्र जातात.

विषयांचा तक्ता: इथे दोन दिवस घाला

सगळी फाईल या एका कागदावर उभी राहते आणि नेमका तोच कोणी करत नाही.

जुन्या कॉलेजातून पहिल्या वर्षाचा पूर्ण अभ्यासक्रम घ्या. फक्त विषयांची यादी पुरत नाही, प्रत्येक युनिटमधले मुद्दे असलेली प्रत हवी, आणि तिच्यावर विभागाचा शिक्का हवा. नव्या कॉलेजचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर सापडतो. मात्र तो तुमच्या बॅचला लागू असलेला आहे ना, हे बघा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर दर दोन-तीन वर्षांनी आराखडे बदलताहेत, आणि संकेतस्थळावर जुनी फाईलच पडून असते.

मग चार रकान्यांचा तक्ता करा: जुना विषय, त्याचे क्रेडिट, नवा विषय, त्याचे क्रेडिट. नावावर जाऊ नका. "प्रोग्रामिंग" या एकाच नावाखाली एकीकडे सी शिकवतात, दुसरीकडे पायथन. तिसऱ्या सेमिस्टरला नवीन कॉलेज जावा सुरू करतं आणि गृहीत धरतं की पॉइंटर तुम्हाला येतात. भाच्याच्या नव्या कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स दुसऱ्या सेमिस्टरला होऊन गेलं होतं. जुन्या कॉलेजात ते तिसऱ्याला होतं. पोरगा तिसऱ्यात गेला आणि डेटा स्ट्रक्चर्स ना इथे झालं ना तिथे. वर्गात ग्राफचे अल्गोरिदम चालू, आणि हा लिंक्ड लिस्ट म्हणजे काय ते रात्री यूट्यूबवर बघतोय. गणिताचंही असंच. लाप्लास कुठे दुसऱ्या सेमिस्टरला, कुठे तिसऱ्याला. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला ते आलं नसेल तर सर्किटचा अर्धा पेपर तिथेच अडतो.

तक्ता झाला की तीन ढीग होतात. जुळणारे विषय सोडून द्या. जे तुम्ही शिकलात पण नव्या कॉलेजला नको आहेत, त्यांचे क्रेडिट धरले जाणार का, हे विचारा. आणि जे नव्या कॉलेजात झालेत पण तुम्ही शिकला नाहीत, ते विषय पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर परीक्षा देऊन काढावे लागतील. किती विषय, कुठल्या परीक्षेला, हिवाळी की उन्हाळी, जादा फी किती, हे विभागप्रमुखाच्या सहीने कागदावर घ्या. तोंडी "होऊन जाते न" वर राहिलात तर सातव्या सेमिस्टरला त्याच कागदाच्या शोधात फिरावं लागतं, आणि तोवर विभागप्रमुख बदललेले असतात.

दुसऱ्या वर्षापासून सुरू होणारे मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह प्रत्येक कॉलेजचे वेगवेगळे असतात. चांगल्या विषयांच्या जागा लवकर भरतात. उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळतं, याची मनाची तयारी ठेवा.

"आता एबीसी आहे, क्रेडिट आपोआप जातात" असं मुलं सांगतात. यूजीसीने २०२१ मध्ये आणलेली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स तुमचे क्रेडिट जमा ठेवते, दाखवते. ते स्वीकारायचे की नाही आणि कुठल्या विषयाच्या बदल्यात, हे नवं कॉलेज ठरवतं. बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानदार माल देईलच असं नाही. तरीही आपला अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा त्या बँकेला जोडलेला ओळख क्रमांक, उघडून पहिल्या वर्षाचे क्रेडिट तिथे दिसतात का हे बघून ठेवा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजातून पाय निघायच्या आत चढवून घ्या. नंतर तिथे तुमचं कोणी ऐकणार नाही.

पैशाचा हिशेब

पहिला प्रश्न: तुमचा प्रवेश टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागेवर झालाय का? असेल तर थांबा. एआयसीटीईचा नियम स्पष्ट आहे की या जागेवरच्या विद्यार्थ्याला संस्था किंवा शाखा बदलता येत नाही. हे वाचून एखाद्याचा एक महिना वाचला तरी पुरे.

दुसरा प्रश्न मुलींसाठी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. तुम्ही पहिल्या वर्षी कॅप, म्हणजे याच केंद्रीभूत फेरीतून आलात हे खरं, पण नवं कॉलेज तुम्हाला कुठल्या जागेवर दाखवणार? हा प्रश्न अर्जासोबतच लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. हेच बाकीच्या शिष्यवृत्त्यांना लागू. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तुमचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावाने चालू असतो. जाण्याआधी दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन बसा, गेल्या वर्षीचा हप्ता मिळालाय की अडकलाय ते बघा. अडकलेला हप्ता असला की जुनं कॉलेज म्हणतं, "आधी तेवढी फी भरा, मग टीसी."

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आधी सांगा. कर्ज कॉलेजच्या नावाने मंजूर झालेलं असतं, नव्या कॉलेजचं बोनाफाइड आणि फीपत्रक दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

आता कटकटीचा भाग. आमच्या बाबतीत जुन्या कॉलेजने आधी उरलेल्या वर्षांची फी मागितली, मग "मूळ मार्कशीट सर आले की देतो, उद्या या" सुरू केलं. नाव लिहीत नाही. आम्ही अकरा वेळा उद्या गेलो. शेवटी एक साधा अर्ज दिला: कुठल्या नियमाखाली ही रक्कम मागता ते कळवावं. आणि त्यात यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेचा उल्लेख केला, ज्यात संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत असं सांगितलंय. आवक क्रमांक घेतला. तिसऱ्या दिवशी मार्कशीट मिळाली, उरलेल्या फीचा विषय पुन्हा निघाला नाही. भांडण केलं असतं तर अजून महिना गेला असता असं मला वाटतं. क्लार्कही बिचारा वरून सांगितलेलंच बोलत असतो.

अर्जानेही भागलं नाही तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ती बंधनकारक केलीय आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल आहे.

कागदांचा क्रम, आणि तो उलटू देऊ नका

क्रम असा: आधी नव्या कॉलेजचं लेखी संमतीपत्र. मग जुन्या कॉलेजची एनओसी. मग ज्याची लागते त्याची, म्हणजे विद्यापीठाची, तंत्रशिक्षण विभागाची मंजुरी. ती हातात आल्यावरच टीसी. विद्यापीठ बदलत असेल तर टीसीबरोबर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज, आणि नवीन ठिकाणी पात्रतेचा.

टीसी आधी काढून ठेवणारे दरवर्षी भेटतात. "टीसी काढली की काम लवकर होते" असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. मंजुरी आली नाही तर तो मुलगा ना इथला ना तिथला. जुन्या कॉलेजात परत घेतील, पण मिनतवाऱ्या करून.

फाईलमध्ये दहावी-बारावी, सीईटीचा निकाल, कॅपचं अलॉटमेंट पत्र, दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट, जात आणि जात वैधता, चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्न, आणि शिक्क्याचा अभ्यासक्रम. अलॉटमेंट पत्र बहुतेकांनी फेकलेलं असतं, तेच सगळ्यात जास्त मागतात. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, शिवाय फोनवर स्कॅन. फेरतपासणीला टाकलेला पेपर असेल तर त्याच्या अर्जाची पावतीही लावा, नाहीतर निकाल बदलल्यावर जुने गुणच नव्या कॉलेजच्या नोंदीत राहतात.

पहिले सहा आठवडे

मंजुरी येईपर्यंत वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. संमतीपत्र मिळालं की विभागप्रमुखांना भेटून वर्गात बसायची परवानगी मागा. हजेरीपटावर नाव नसलं तरी बसा. प्रवेशाची तारीख आणि पहिल्या तासाची तारीख यातलं अंतर किती, ते सांगणारा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, म्हणजे ७५ टक्के हजेरीचा हिशेब तुमच्या रुजू होण्यापासून व्हावा अशी विनंती नोंदीवर राहते. पहिली सेशनल, म्हणजे अंतर्गत परीक्षा होऊन गेली असेल तर त्याच अर्जात पुन्हा घेण्याची विनंती करा. शिक्षक म्हणून सांगतो, सप्टेंबरमध्ये असा मुलगा आला तर आम्ही काहीतरी करतो. नोव्हेंबरमध्ये आला तर हात बांधलेले असतात, गुण पोर्टलवर चढलेले असतात.

प्रॅक्टिकल बॅचमध्ये तुमचा नंबर शेवटी लागतो, शेवटच्या बॅचमध्ये डिप्लोमावाले असतात. त्यांच्याशी दोस्ती करा. तेही बाहेरून आलेत, त्यांनाही गणित जड जातं, आणि वर्कशॉप-सर्किटमध्ये त्यांचा हात तुमच्यापेक्षा चांगला चालतो. माझ्या वर्गातल्या ट्रान्सफरवाल्यांपैकी जे टिकले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच केलं. पहिल्या वर्षीची टोळकी आधीच जमलेली असतात, त्यांच्यात घुसायच्या नादात महिना घालवू नका. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र पहिल्या दिवशी मागा, कारण सूचना फलकावर आता काही लागत नाही.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र दरवर्षी ऑनलाइन भरावं लागतं, नव्या कॉलेजच्या नावाने पुन्हा भरा. त्रास झालाच तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

राहण्याचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये हॉस्टेलची खोली मिळत नाही, हे धरूनच चाला. हिंगण्याकडे कॉलेज असेल तर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर लोकमान्य नगरला उतरून पुढे ऑटो किंवा शहराची 'आपली बस', म्हणजे शहरात राहून जाणं-येणं जमतं. खापरीकडे ऑरेंज लाइन आहे. पहिलं सेमिस्टर शहरात काढा, डबा लावा, हिवाळी परीक्षा झाल्यावर कॉलेजजवळच्या खोल्या आपोआप रिकाम्या होतात.

प्लेसमेंटच्या आधीचा शेवटचा हिशेब

पाचव्या सेमिस्टरला प्लेसमेंट विभागात जाऊन स्वतःची नोंद बघा. दोन विद्यापीठांच्या मार्कशीट असल्या की सीजीपीए कसा धरायचा यावर घोळ होतो. पहिल्या वर्षाचे गुण धरायचे की नाही, टक्केवारीत कसे करायचे, हे परीक्षा विभागाकडून लिहून घ्या. कंपन्या विचारतात तो "बाकी विषय आहे का" हा रकानाही बघा. समकक्षतेसाठी लावलेला जादा विषय प्रणालीत बॅकलॉग म्हणून दिसतो. मुलगा कधी नापास झालेला नसतो आणि फॉर्म मात्र नाकारला जातो.

भाच्याने सहाव्या सेमिस्टरला असा हिशेब करून बघितला, तर दोन क्रेडिट कमी. पहिल्या वर्षीची एक वर्कशॉप, जुन्या कॉलेजात केलेली, कोणीच नोंदवली नव्हती. विभागप्रमुख नवे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. त्याने पिशवीतून दीड-दोन वर्षांपूर्वीचा चार रकान्यांचा, सही-शिक्क्याचा तक्ता काढून टेबलावर ठेवला. चार दिवसांत नोंद झाली.